मुलींची शाळा व लग्नाची तिथि

महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे शाळांच्या स्थापनेचे सन ओळीनें मांडावयाचे, अशी एक वहिवाट पडून गेली आहे. १८२४ सालीं अमेरिकन मिशनऱ्यांनीं मुंबईंत मुलींची शाळा काढली. १८४८ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत काढली. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें. १९१६ सालीं कर्व्यांचें विद्यापीठ उभें राहिलें. ही सनावळी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शाळेचें दार केव्हां उघडलें एवढेंच ती सांगते. आंत गेलेली मुलगी तेथें किती वर्षें बसली, कोणत्या दिवशीं उठून गेली, आणि तिला कोणीं उठविलें, याचा तींत कोठेंच उल्लेख नसतो. आमच्या मतें या विषयाचा खरा इतिहास ह्या दुसऱ्या प्रश्नांत आहे. आणि त्याचें उत्तर शाळेच्या दप्तरांत शोधण्यापेक्षां लग्नाच्या याद्यांत शोधलें तर अधिक लवकर सांपडतें.

फुल्यांच्या शाळेची हकीकत वाचकांस परिचित आहे. बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत शाळा भरली. सावित्रीबाई शिकवावयास जात असतां लोक अंगावर शेण टाकीत, म्हणून त्या एक जास्तीचें लुगडें बरोबर ठेवीत असें सांगतात. १८४९ सालीं जोतीरावांच्या वडिलांनीं मुलासुनेस घराबाहेर काढलें. तरीही शाळा चालल्या, वाढल्या, आणि १८५२ सालीं विश्रामबागवाड्यांत सरकारनें जोतीरावांचा सत्कारहि केला. या शाळांतून काय निपजलें याचा एकच दाखला पुरेसा आहे. १८५५ सालीं 'ज्ञानोदयां'त मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ताबाई ही फुल्यांच्या शाळेंतील मांग जातीची विद्यार्थिनी होती. ज्या समाजास अक्षर ऐकण्याचीहि बंदी होती, त्यांतील एक मुलगी सात वर्षांच्या आंत छापखान्यापर्यंत जाऊन पोंचली.

शेण टाकणारे लोक दिसत होते. त्यांना तोंड देतां येत होतें. पण दुसरा अडथळा दिसत नव्हता, आणि तो बहुतेक शाळेच्या हितचिंतकांच्या घरांतहि होता. साधा हिशेब करून पाहावा. मूल सहाव्या वर्षीं धुळाक्षरें गिरवूं लागतें. ब्राह्मण व तत्सम घरांत कन्येचें लग्न आठव्या वर्षीं झालें तर उत्तम, दहाव्या वर्षीं झालें तर मध्यम, आणि त्यापुढें गेलें तर आईबापांच्या माथीं पाप, अशी समजूत होती. म्हणजे मुलीच्या वांट्यास शाळेचीं वर्षें आलीं तीं दोन, फार तर चार. तेवढ्यांत बाराखडी, पाढे व थोडें वाचन होई. पुढें सासरीं पुस्तक हातीं धरण्याची सोय नसल्यामुळें तेंहि पांच वर्षांत पुसून जाई. शेतीभाती व मोलमजुरी करणाऱ्या घरांत धर्मशास्त्राचा जाच थोडा कमी, पण त्याच वयाची मुलगी धाकटें भावंड कडेवर घेऊन आईच्या मागें रानांत जाई. तिचाहि हिशेब फारसा निराळा येत नसे.

यांतून एक विलक्षण पेंच उत्पन्न झाला. मुली थोड्या मोठ्या झाल्या कीं पुरुष पंतोजीपुढें त्यांना बसविण्यास आईबाप तयार नसत. त्यांना बाई पाहिजे. बाई शिकलेली पाहिजे तर कोणती तरी मुलगी निदान अठरा-वीस वर्षांची होईपर्यंत शिकली पाहिजे. तशी मुलगी समाजांत असणेंच शक्य नव्हतें, कारण त्या वयापर्यंत ती दोन मुलांची आई झालेली असे. मेरी कार्पेंटर ही इंग्रज बाई १८६६ सालीं हिंदुस्थानांत आली तेव्हां तिनें नेमकें याच दुखण्यावर बोट ठेवलें, आणि सरकारकडे पहिली मागणी केली ती शिक्षिका तयार करणाऱ्या शाळांची. १८७० सालीं पुण्यास तशी शाळा निघाली. पण शिक्षिका होण्यास मोकळ्या बाया कोठून आणावयाच्या, या प्रश्नाचें उत्तर सरकारपाशीं नव्हतें. तें पुढें अगदीं अकल्पित दिशेनें आलें. त्याकडे आम्ही वळणार आहोंच.

१८८४ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींनीं पुण्यास मुलींचें हायस्कूल काढलें. पेशव्यांच्या खाशा घोडदळाची पागा जेथें होती त्या जागेवर तें पुढें गेलें, आणि हुजूरपागा हेंच त्याचें नांव होऊन बसलें. प्राथमिक शाळेस जो विरोध झाला नव्हता तो या शाळेस झाला, व तो शिकल्यासवरल्या लोकांकडून झाला. १८८७ च्या सुमारास टिळकांनीं 'मराठा' व 'केसरी' या पत्रांतून या शाळेच्या अभ्यासक्रमावर व वेळेवर टीकेची झोड उठविली. मुलींस इंग्रजीचा हव्यास नको. गृहकृत्यांस व धर्मास उपकारक होईल तेवढें शिकवावें. आणि शाळा अकरा ते पांच न भरवितां सकाळीं किंवा दुपारीं तीन तासच भरवावी, म्हणजे बाकीच्या वेळांत मुलींस घरचें काम करतां येईल, असा त्या टीकेचा मथितार्थ होता.

अभ्यासक्रमाचा वाद पुष्कळांनीं चघळला आहे. आमचें लक्ष मात्र त्या तीन तासांकडे जातें. अकरा ते पांच ही वेळ मुलांच्या शाळेची होती, कचेरीची होती. ती मुलींना लावतांच ती कोणाच्या तरी वेळेवर येऊन आदळली. सासुरवाशिणीचे अकरा ते पांच हे तास कोणाचे? सकाळचा स्वयंपाक, पंक्ती, उष्टीं-खरकटीं, मग दळण, निवडणें, मुलें, आणि पांचाला पुन्हां चूल. शाळेंतल्या पुष्कळ मुली लग्न झालेल्या किंवा लग्नाला आलेल्या होत्या. त्यांचे सहा तास मागणें म्हणजे घरच्या यंत्रांतून एक चाक काढून घेणें होय. सुधारकांनीं ज्ञानाच्या श्रेष्ठतेवर सुंदर व्याख्यानें दिलीं, पण त्या चाकाच्या जागीं काय बसवावयाचें हें कोणीं सांगितलें नाहीं. या एका बाबतींत विरोधकांची नजर सुधारकांपेक्षां तीक्ष्ण होती असें आम्हांस वाटतें. भांडण विद्येचें नसून वेळेचें आहे हें त्यांनीं ओळखलें. त्यावरचा त्यांचा निवाडा मात्र मुलींच्या विरुद्ध गेला. मुलामुलींना एकच शिक्षण व तेंहि एकत्र मिळावें असें 'सुधारका'तून म्हणणारे आगरकर त्या काळीं जवळजवळ एकटेच होते.

या वेळेच्या भांडणाचें रणक्षेत्र शाळा नव्हे, स्वयंपाकघर होतें, हें रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचणाऱ्यास सांगावयास नको. १८७३ सालीं त्यांचें लग्न झालें तेव्हां त्यांचें वय अकरा, आणि पतीचें एकतीस. रानड्यांनीं पाटी-पेन्सिल हातांत दिली ती लग्नानंतर. दिवसभर घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांची कामें, टोमणे व अबोला. आणि रात्रीं अभ्यास. पुढें एका इंग्रज बाईकडून इंग्रजी शिकूं लागल्यावर त्या बाईला शिवल्यामुळें स्नान केल्यावांचून घरांत कशास हात लावण्याची सोय राहिली नाहीं. मुलींच्या हायस्कुलासाठीं भरलेल्या सभेंत इंग्रजी निवेदन वाचून आल्यावर त्यांच्या वांट्यास कौतुक आलें नाहीं, बोलणीं आलीं. या वडीलधाऱ्या बायकांना दुष्ट ठरविणें सोपें आहे. तसें पुष्कळांनीं केलेंहि आहे. पण त्या बायांपैकीं कित्येक स्वतः लहानपणीं विधवा झालेल्या, दुसऱ्याच्या घरीं राबून आपलें स्थान टिकविलेल्या असत. ज्या एका नियमाच्या आधारावर त्यांचें सारें आयुष्य खर्ची पडलें, तोच नियम फोल होता असें काल आलेल्या सुनेनें पाटीवर लिहून दाखवावें, हें त्यांनीं कसें सोसावें?

१८८७ हें साल या सगळ्या गोष्टींचा जणूं संगम आहे. त्या वर्षींच्या २६ फेब्रुवारीस डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यांत वारल्या. त्यांचें वय बावीसहि पूर्ण झालें नव्हतें. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं मूल, तें दहा दिवसांत गेलें. आणि १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फियाच्या वैद्यक विद्यालयाची पदवी. त्यांच्या गौरवाचे लेख दर वर्षीं निघतात. त्यांत एक गोष्ट सहसा झांकली जाते, ती अशी कीं गोपाळराव जोशी यांचा बायकोस शिकविण्याचा हट्ट हा हट्टच होता. त्या पायीं ते हात टाकीत, वस्तु फेंकून मारीत, हें खुद्द आनंदीबाईंनीं त्यांना पत्रांतून लिहून ठेवलें आहे. म्हणजे एकीला नवऱ्यानें शिकूं दिलें नाहीं, दुसरीला नवऱ्यानें मारून शिकविलें. दोघींच्याहि विद्येची किल्ली एकाच हातांत होती.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर आठवडा उलटण्याच्या आंत, ४ मार्च रोजीं, मुंबईच्या हायकोर्टांत रखमाबाईंच्या खटल्याचा निकाल लागला. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें होतें. त्या सासरीं कधीं नांदल्या नाहींत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं राहिल्या, आणि लग्नामुळें सुटलेली शाळा घरच्या घरीं वाचून भरून काढली. १८८४ सालीं नवऱ्यानें नांदावयास येण्याची फिर्याद केली. न्या. पिन्हे यांनीं १८८५ सालीं ती फेटाळली, अपिलांत तो निकाल फिरला, आणि न्या. फॅरन यांनीं हुकूम दिला कीं बाईंनीं नवऱ्याच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें. बाई तुरुंगास तयार झाल्या. १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढें त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत-राजकोटास त्यांनीं आयुष्यभर रोग्यांची सेवा केली. खटला चालू असतांना 'टाइम्स ऑफ इंडिया'ंत 'एक हिंदु स्त्री' या नांवानें त्यांनीं जीं पत्रें लिहिलीं, त्यांचा विषय बालविवाह हा होता. आणि बालविवाहाविरुद्ध त्यांनीं जीं गाऱ्हाणीं मांडलीं त्यांत, आपलें शिकणें लग्नानें तोडलें, हें गाऱ्हाणें अग्रभागीं होतें. इतिहासकारांनीं या खटल्याचें स्थान कायद्याच्या प्रकरणांत ठेविलें आहे. आम्ही तो शिक्षणाच्या प्रकरणांत घालूं.

आतां तें अकल्पित उत्तर. ज्या बाईला घर नाहीं, नवरा नाहीं, जिचें लग्न पुन्हां व्हावयाचें नाहीं, आणि जिच्याविना घरचें यंत्र अडत नाहीं, अशी एकच बाई या समाजांत होती: विधवा. पंडिता रमाबाईंनीं १८८९ च्या मार्चांत मुंबईस शारदासदन उघडलें. तेथें आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं त्यांच्याशीं धोंडो केशव कर्व्यांनीं पुनर्विवाह केला, आणि मुरूडच्या मंडळींनीं कर्व्यांस वाळींत टाकलें. शारदासदनावर धर्मांतराच्या प्रकरणावरून हिंदु समाजाचा रोष झाला तेव्हां तें काम निराळ्या रीतीनें चालावें म्हणून कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० सालीं आश्रम हिंगण्यास गेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयाचें आणि संध्याकाळीं खडकाळ, चिखलाची वाट तुडवून हिंगण्यास पायीं जावयाचें, असा त्यांचा क्रम होता. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याच आश्रमांत शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुढें संस्थेसाठीं वर्गणी गोळा करीत अमेरिकेपर्यंत गेल्या.

सुवासिनीला सवड नव्हती म्हणून ती शिकली नाहीं. विधवेला संसार नाकारला म्हणून तिला सवड मिळाली, आणि तीच सुवासिनींच्या मुलींची शिक्षिका झाली. आमच्या समाजानें ज्यांना अमंगल म्हणून माजघराच्या कोपऱ्यांत लोटलें होतें, त्यांच्याच हातांत पुढें पिढीच्या पिढीनें पाटी दिली. या गोष्टींतील क्रौर्य व उपरोध कर्व्यांच्याहि लक्षांत आला असला पाहिजे. कारण १९०७ सालीं त्यांनीं कुमारिकांसाठीं महिला विद्यालय काढलें, तें त्यांचीं लग्नें लांबावीं या हेतूनें. १९१६ च्या विद्यापीठांत त्यांनीं शिक्षणाचें माध्यम मातृभाषा ठेविलें, यावर इंग्रजीच्या अभिमान्यांनीं पुष्कळ नाकें मुरडलीं. आम्ही स्वतः इंग्रजींतून शिकलेले असल्यामुळें आमचाहि कल तारुण्यांत तिकडेच होता. पण जपानच्या महिला विद्यापीठाची हकीकत वाचून कर्व्यांनीं जो हिशेब केला तो वर्षांचा होता. परक्या भाषेंत जाणारीं वर्षें वांचलीं तर तेवढ्यांत मुलीला काहीं विषय तरी शिकतां येईल. मुलीजवळ वर्षेंच थोडीं, हें सूत्र त्यांनीं कधीं सोडलें नाहीं.

सरकारी व संस्थानी कायद्यांतहि हें सूत्र लपून राहिलेलें नाहीं. बडोद्याच्या सयाजीरावांनीं १९०६ सालीं सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मुलींचा त्यांत समावेश केला हें त्यांचें मोठेपण. पण सक्तीचें वय मुलांस सात ते बारा, आणि मुलींस सात ते दहा! ते दोन सन कोठें गेले हें विचारण्याची गरज नाहीं. १९११ सालीं गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत आणलेल्या विधेयकांत तर सक्ती आधीं मुलांनाच लागू करून मुलींची पाळी मागाहून यावयाची होती. तें विधेयकच बारगळलें.

लग्नाच्या तिथीला कायद्यानें प्रत्यक्ष हात घातला तो १९२९ च्या शारदा ॲक्टानें. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें दहाचीं बारा केलीं होतीं, पण लग्नास तो शिवला नव्हता. शारदा ॲक्टानें मुलीच्या लग्नाचें वय निदान चौदा असावें असें ठरविलें, आणि अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर जी लगीनघाई झाली तिची नोंद १९३१ च्या खानेसुमारींत उमटली आहे. आमच्या आजीचें लग्न याच घाईंत उरकलें. ती बारा वर्षांची होती व मराठी चौथींत होती. तिला पावकी-निमकीपर्यंत पाढे तोंडपाठ असत. दुधाचा, किराण्याचा हिशेब ती शेवटपर्यंत मनांत करी. शाळेबद्दल विचारलें तर चौथीचें पुस्तक अर्धें झालें होतें, एवढेंच सांगे.

दार आतां सताड उघडें आहे, हें कबूल करावें लागेल. १९०१ सालीं हिंदुस्थानांत लिहितांवाचतां येणाऱ्या स्त्रिया शेंकडा एकसुद्धां नव्हत्या. १९५१ सालीं त्या शेंकडा नऊच्या घरांत आल्या. २०११ च्या जनगणनेंत सुमारें पासष्ट. लग्नाचें वयहि १९७८ सालीं कायद्यानें अठरावर नेलें. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरींत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठराच्या आंत लग्न झालेल्यांचें प्रमाण महाराष्ट्रांत शेंकडा सुमारें बावीस निघालें. परभणी व बीड या जिल्ह्यांत तें चाळिसांच्याहि वर आहे. तिकडील ऊसतोडीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें कारखान्यांच्या वाटेला लागतात, तीं पांच-सहा महिने फडावर असतात. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला; त्या जोडीचें नांवच 'कोयता'. लग्न झालें कीं कोयता होतो. वयांत आलेली मुलगी एकटी मागें ठेवावी तर जिवाला घोर, बरोबर न्यावी तर शाळा सुटली. मग तिसरा मार्ग म्हणून लग्न. अकरा ते पांच हे तास कोणाचे, या पुण्यांतल्या जुन्या प्रश्नाला येथें फडावर, उसाच्या मोळ्या बांधतां बांधतां, रोज उत्तर मिळत आहे.

जातीच्या दाखल्यासाठीं शाळांचीं जुनीं रजिस्टरें उघडण्याचा प्रसंग हल्लीं घरोघर येतो. आजीच्या माहेरच्या एका मुलास तसा दाखला हवा होता, म्हणून दोन वर्षांपूर्वीं आम्ही त्याच्याबरोबर त्या गांवच्या शाळेंत गेलों. नोंदी मोडींत होत्या. वाचून दाखविणारे एक वृद्ध गृहस्थ मिळाले. पाहिजे ती नोंद सांपडल्यावर आम्हीं त्यांस पुढचीं दोन पानें उलटण्याची विनंती केली. तेथें आजीचें माहेरचें नांव होतें. शाळा सोडल्याची तारीख मार्च १९३०. कारणाच्या रकान्यांत एकच शब्द, लग्न. त्याच महिन्यांत, त्याच शाईनें, तोच शब्द आणखी तीन नांवांपुढें लिहिलेला होता.

गेल्या माघांत आमच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतील एक मुलगी येईनाशी झाली. पहिल्या बांकावर बसणारी, प्रश्न विचारणारी मुलगी. महिन्याभरानें वडिलांना घेऊन ती कागदपत्रें न्यावयास आली. हातांत हिरवा चुडा होता. कॉलेज सोडण्याचें कारण असा एक रकाना अर्जावर आजहि असतो. तिनें आमच्याच टेबलावर वांकून तो भरला. तिनें 'घरगुती अडचण' असें लिहिलें, आणि खालीं सही केली ती जुन्या नांवाची.